कुंपणावरचे कपडे

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात, म्हणजे २०१६ मध्ये, ह्यांनी हौसेने मोटरहोम, चाकांवरचं घरच, भाड्याने घेतलं. कॅनडातल्या बर्नाबीहून निघालो आणि उत्तरेकडे डोंगरांत शिरलो. मोठी गावं मागे पडली, पेट्रोल पंपही विरळ झाले. पाऊस काही पाठ सोडत नव्हता. गाडीतल्या सगळ्या कपड्यांना कुबट वास यायला लागला होता.

एका सकाळी छान ऊन पडलं. पाच-दहा घरांच्या एका वस्तीच्या अलीकडे, नदीकाठी आम्ही थांबलो होतो. मी बादलीत कपडे धुतले. दोरी बांधायला काही सापडेना. तेवढ्यात कमरेएवढ्या गुलाबी फुलांच्या रानात एक बुटकं, रंग उडालेलं लाकडी कुंपण दिसलं. कुणाची तरी जुनी बाग असेल, असं वाटलं. त्यावर टॉवेल, माझे गाऊन, ह्यांच्या बनियन-चड्ड्या, सगळं ऐसपैस वाळत घातलं आणि चहा टाकला.

एक पिकअप ट्रक येऊन थांबला. वस्तीतले एक म्हातारे गृहस्थ उतरले. हातात रंगाचा डबा आणि ब्रश. ते जागीच उभे राहिले.

हे पुढे गेले. ह्यांना कुणाशीही बोलायला आवडतं. "गुड मॉर्निंग! फार सुंदर जागा आहे हो तुमची."

"माझ्या बायकोलाही आवडायची," ते म्हणाले. "ती तिथेच आहे. तुमच्या टॉवेलखाली."

ह्यांना पहिल्यांदा कळलंच नाही. मला कळलं. मी गॅस तसाच चालू ठेवून धावले. जवळ गेल्यावर गवतात नाव कोरलेला दगड दिसला, आणि शेजारी तसंच आणखी एक कुंपण. मी कपडे ओढायला लागले. एक गाऊन खिळ्याला अडकला, टर्रकन फाटला. चिमटे गवतात पडले, ते मी गुडघ्यांवर बसून शोधत होते. मागे हे पुन्हा पुन्हा "सॉरी, व्हेरी सॉरी, आम्हाला माहीत नव्हतं" म्हणत होते. हे थांबतील तर बरं, असं वाटत होतं.

ते गृहस्थ रागावले असते तरी चाललं असतं. माझं आवरेपर्यंत ते नदीकडे तोंड करून उभे राहिले. माझे कपडे त्यांना बघायचे नव्हते, एवढंच. मग कुंपणावरचं पाणी त्यांनी शर्टाच्या बाहीने पुसून काढलं. मी म्हटलं, "मी फडकं आणते."

"नको," ते म्हणाले. "आता वाळू दे."

चहा न पिताच आम्ही निघालो. ओले कपडे वॉशरूममध्ये कोंबले होते. मग हे म्हणाले, "अगं, बोर्ड लावायला हवा होता त्यांनी."

"त्यांच्या घरच्या माणसांना कशाला हवा बोर्ड?" मी म्हटलं.

दुपारी पुढच्या वस्तीतल्या दुकानात ब्रेड घ्यायला थांबलो. काउंटरवरच्या बाईने खिडकीतून आमची गाडी पाहिली. "लाँड्रीवाले तुम्हीच का?"

हे एकदम शेल्फावरचे डबे न्याहाळायला लागले.

"हो, आम्हीच," मी म्हटलं.

तिने ब्रेड पिशवीत घातला. "फार चांगली होती ती," एवढंच म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.