दोघांकडून आलेलं

महानंदाचा मुलगा शिवू गेला तेव्हा दोन वर्षांचाही नव्हता. आधी झटके आले, मग यकृत निकामी झालं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, आणि त्या दिवसापासून सासरी महानंदाशी कुणी धड बोलेनासं झालं.

तिची धाकटी बहीण महेश्वरी सोलापुरातल्या एका कॉलेजात शिकवते. तिचं संशोधन यीस्टवर, म्हणजे पावाचं पीठ फुगवतं त्याच यीस्टवर. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाकडे स्वतःचा थोडासा डीएनए असतो. त्याच्या नकला काढणारं, काढताना चुका सुधारणारं एक एन्झाइम असतं. ते बिघडलं की डीएनए खराब होत होत नाहीसाच होतो. माणसातही तसंच एन्झाइम आहे, आणि शिवूचं नेमकं तेच बिघडलं होतं. ज्या एन्झाइमवर आपण वर्षानुवर्षं काम केलं, त्यानंच भाचा नेला, हे महेश्वरीला सहन होत नव्हतं. त्यात महानंदाच्या सासऱ्यांनी, वीरभद्रप्पांनी, कुठलासा व्हिडिओ पाहिला.

"मायटोकॉन्ड्रिया आईकडनंच येतात म्हणं," ते म्हणाले. "दोष हिच्यात हाय. आमच्या घराण्यात असलं काय न्हाय."

महानंदाला माहेरी धाडलं. तिच्या नवऱ्यासाठी, अनिलकुमारसाठी, दुसरी मुलगी बघायला सुरुवात झाली.

महेश्वरीनं मेहुण्याला फोन केला. "दाजी, उद्या कॉलेजवर या. नाही आलात तर मी तुमच्या दुकानात येईन."

तो आला. तिनं त्याच्यासमोर प्रयोगशाळेतल्या, यीस्ट वाढवायच्या दोन बशा आपटल्याच. दोन्हींत यीस्टला खायला फक्त ग्लिसरीन होतं. त्यावर वाढायचं तर मायटोकॉन्ड्रिया धड लागतात. एका बशीत यीस्टचे पांढरे टपोरे ठिपके होते. दुसरी कोरी होती.

"मायटोकॉन्ड्रिया आईकडून येतात, खरंय. पण त्यांच्या डीएनएच्या नकला काढणाऱ्या एन्झाइमचा जनुक त्यांच्यात नसतो. तो पेशीच्या केंद्रकात असतो. त्याची एक प्रत आईची, एक बापाची. या बशीतल्या यीस्टमध्ये एक प्रत बिघडलीय, एक चांगली आहे. बघा, कसं वाढलंय. त्या बशीत दोन्ही बिघडल्यात. शिवूच्याही दोन्ही बिघडल्या होत्या."

अनिलकुमार कोऱ्या बशीकडे बघत राहिला. "आता चांगली प्रत घातली तर?"

"डीएनए एकदा गेला की गेला. एन्झाइम नक्कल कशाची काढणार?"

त्यानं डोळे पुसले. "म्हंजे माझ्याकडनंबी..."

"अर्धं तुमच्याकडनं. हे तुमच्या अप्पांना सांगा."

"सांगतो की," तो म्हणाला. पण सांगितलं नाही. आठवड्यानं सोडचिठ्ठीच्या बोलण्यांसाठी वीरभद्रप्पांच्या घरी पाहुणे जमले, तेव्हा तो सोफ्याच्या कोपऱ्यात मोबाइल चाळत बसला होता. ते बघून महेश्वरीच्या डोक्यात तिडीक गेली.

तिनं भरल्या बैठकीत सगळं सांगितलं. वीरभद्रप्पा हसले. "कॉलेजात शिकवती म्हणून काय बी सांगशील व्हय?"

"मला विचारू नका. तुमच्या पोराला विचारा. बशी बघून रडला तो!"

शेजारी बसलेल्या तिच्या आईनं, बसम्मानं, दंडाला चिमटा काढला. "गप बस. तुझं लग्न व्हायचंय अजून."

बाहेरच्यांचं ठीक होतं, पण हे आईनं म्हणावं! महेश्वरी उठून उभी राहिली. "व्हायचंय ना? मग ऐका सगळे. अक्काची बिघडलेली प्रत माझ्यातही असू शकते. मी तपासून घेणार आहे, आणि जे निघेल ते सांगणार आहे. आता अप्पा, तुम्ही चला तपासायला. भीती कसली वाटते?"

शेवटी अनिलकुमार मान खाली घालून पुटपुटला, "ती म्हणती ते खरं हाय, अप्पा."

वीरभद्रप्पा उठून आत निघून गेले.

आता महानंदा बोलली, इतका वेळ भिंतीला टेकून बसलेली. "तुमाला हे आठवड्याआधीच ठाऊक होतं?" तिनं नवऱ्याला विचारलं. त्यानं होकारार्थी मान हलवली. "मग आता मला न्यायला येऊ नका."

तिनं सोडचिठ्ठीवर सही केली ती स्वतःच्या मर्जीनं. विजापूर रोडला खोली घेतली, एका शाळेच्या कार्यालयात नोकरीला लागली. महेश्वरीनं तपासणी करून घेतली. बिघडलेली प्रत तिच्यातही निघाली. आलेल्या पहिल्याच स्थळाला तिनं ते चहा द्यायच्या आधीच सांगितलं. मुलाच्या आईनं कप हातात घेतला नाही.

"तपासा की तुमचाही मुलगा," महेश्वरी म्हणाली. पाहुणे चपला घालत होते. तिनं दार लावून घेतलं, ते जोरातच.