सातवा डबा शिवणीत गेला

माझी मुलगी साडेतीन वर्षांची झाली तरी माझ्याशी तमिळमध्येच बोलायची. मी मराठीत विचारायचो, ती तमिळमध्ये उत्तर द्यायची. बायको तमिळ घरातली, तिला मराठी समजते, वाचताही येते, पण बोलते तमिळच; शाळा तमिळ, रस्ता तमिळ; मराठी बोलणारा घरात मी एकटा. तीही आमची तंजावरकडची मराठी, जी ऐकून महाराष्ट्रातली माणसं हसू दाबतात.

मी दातांचा डॉक्टर आहे. कुंभकोणमला बसस्टँडजवळ पहिल्या मजल्यावर माझा दवाखाना आहे. संध्याकाळी बायको मुलीला तिथं सोडून बाजारात जायची. पेशंट नसला की मी मुलीला खिडकीत उभं करायचो आणि खालच्या गाड्या मोजायला लावायचो. मोजायला कंटाळायची, म्हणून यमकं जुळवली. ‘एक वंडी, बैलाला वाजली थंडी.’ कुंभकोणमला बैलाला थंडी वाजते, हे ऐकूनच तिला हसू फुटायचं. ‘चार लारी, उभ्या दारी.’ ‘सात डब्यांची रेल, दिव्यात नाही तेल.’ ‘दहा ऑटो पिवळे, त्यांवर बसले कावळे.’ यात काव्य नव्हतं, मला ते पक्कं ठाऊक होतं. पण महिन्याभरात ती दहापर्यंत मराठीत म्हणायला लागली. बायकोनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे दहा चित्रं काढून दिली, खाली मी ओळी लिहिल्या आणि आमचं पुस्तक झालं.

पुण्याची माझी आतेबहीण देवळं बघायला आली होती. तिनं त्या पानांचे फोटो काढले आणि तिकडच्या एका प्रकाशक बाईंना पाठवले. आठवड्यात बाईंचा फोन आला.

“डॉक्टर, किती गोड आहे हो हे. अगदी जुनं, लोण्यासारखं मराठी.”

दात किडलेल्या पोरालाही मी याच आवाजात गोड म्हणतो. तरी मला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं.

“फक्त थोडे बदल लागतील,” त्या म्हणाल्या. “वंडी आमच्या मुलांना कळणार नाही. बैलगाडी करू या. लारीचं ट्रक. रेलऐवजी आगगाडी.”

“मग यमक कुठं राहतं?”

“यमकापेक्षा आशय महत्त्वाचा.”

“आशय काय आहे यात?” मी खरंच विचारलं.

“मोजणं,” त्या म्हणाल्या.

मी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. बायकोची चित्रं घेणार का, असं विचारलं, तर म्हणाल्या, आमचे चित्रकार ठरलेले आहेत. तरीही मी हो म्हणालो. आपलं नाव छापलेलं बघायची हौस, दुसरं काही नाही. बायकोला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. “तुम्हाला हवं असेल तर द्या,” एवढंच बोलली.

सहा महिन्यांनी पंचवीस प्रतींचं खोकं दवाखान्यात आलं. कागद गुळगुळीत, रंग झगझगीत. पहिल्या पानावर ‘एक बैलगाडी, बैलाला वाजली थंडी.’ चौथ्यावर ‘चार ट्रक, उभे दारी.’ वाचताना जीभ उंबऱ्याला अडखळावी तशी अडखळत होती. शेवटच्या पानावर ‘दहा ऑटो पिवळे’ असं लिहिलेलं आणि चित्रात काळ्या रंगाच्या, वरून तेवढ्या पिवळ्या, पुण्याच्या रिक्षा. त्या चित्रकारानं ओळ वाचलीच नव्हती. वाचली असेल तर डोकं वापरलं नव्हतं. यांतलं कुठलं वाईट, ते मी अजून ठरवलेलं नाही.

मुलगी मांडीवर बसली. बैलाला थंडी वाजली तेव्हा हसली नाही. सातची आगगाडी दोन पानं मिळून पसरली होती. तिनं बोट ठेवून डबे मोजले, मग पुन्हा मोजले.

“अप्पा, सहाच,” ती म्हणाली.

मी मोजले. सहाच होते. सातवा डबा दोन पानांच्या मधल्या शिवणीत गेला होता. ज्या पुस्तकाचा आशय मोजणं, त्यात मोजणी चुकलेली.

पुढच्याच महिन्यात बाई कुंभकोणमला आल्या. आमच्या मराठी मंडळींनी एका लग्नाच्या हॉलमध्ये छोटा कार्यक्रम ठेवला. बाईंनी रेशमी साडी नेसली होती आणि फिल्टर कॉफीचं कौतुक करून झालं होतं. त्यांनी पुस्तक वाचून दाखवलं. समोर पंधरा-वीस मुलं होती. ती पंख्याकडे बघत होती. मग बाई म्हणाल्या, “तुमची ही भाषा म्हणजे संग्रहालयातला ठेवा आहे. ती शुद्ध करून मुलांपर्यंत न्यायची, एवढंच आम्ही करतोय.” म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. साक्कोट्टैहून आलेले एक काका तर डोळे पुसत होते. ज्यांच्या तोंडची भाषा नुकतीच अशुद्ध ठरली होती, तेच गहिवरले होते.

मला बोलायला बोलावलं. मी तयारी केली होती: वंडी, लारी, शिवणीतला डबा, सगळं. माईकसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, “बाईंचे आभार. त्यांच्यामुळे आमच्या घरातली गोष्ट पुण्यापर्यंत पोचली.” आणखीही काही म्हणालो. तेही बाईंच्याच मराठीत, प्रत्येक शब्द जपून, शाळेत धडा म्हणणाऱ्या पोरासारखा. बाई मान डोलवत होत्या. त्या दिवशी मला त्यांचा जितका तिटकारा आला, त्याहून माझा जास्त आला.

घरी परतताना ऑटोत बायको म्हणाली, “तुम्ही बोलत होता तेव्हा तुमचा एक शब्दही चुकला नाही. पण तुम्ही परके वाटलात.” मुलगी तिच्या खांद्यावर झोपली होती.

प्रती दवाखान्याच्या बाकावर ठेवल्या आहेत. पेशंटांची मुलं चाळतात, बहुतेक उलट्या धरून. बाईंचा परवा निरोप आला: आता फळांवर असंच एक करू या का? मी चार ओळी लिहिल्या. पाठवण्याआधी त्यांतला प्रत्येक शब्द पुणेरी कोशात तपासला. संध्याकाळी उत्तर आलं, “या वेळी एकही दुरुस्ती नाही. छान.”

बायकोला दाखवलं. तिनं वाचलं, फोन परत दिला आणि विचारलं, “ह्यातलं तिला काय वाचून दाखवणार?”

मी त्या ओळी मुलीला अजून वाचून दाखवलेल्या नाहीत.