फ्रीजचा प्लग

शाळा सोडल्यापासून मी घासाघीस करूनच धंद्यात वर आलो. त्यामुळे इगतपुरीकडच्या त्या आरोग्य केंद्राला कॉम्प्युटर देताना आरोग्य खात्याच्या नाशिकच्या साहेबांनी माझ्या कोटेशनमधून वायरिंग छाटलं, तो राग अजून गेलेला नाही. "प्लग असतोच की खोलीत," ते म्हणाले होते.

होता. धड चालणारा एकच. त्यावर लसींचा फ्रीज.

"भाऊ, तेवढा काढू नका," सिस्टर म्हणाल्या. "उद्या लसीकरण आहे."

"लगेच परत लावतो. वायरिंग तुमच्याच साहेबांनी कापलंय, त्यांना सांगा," मी खेकसलो आणि प्लग ओढला.

मग पूजा झाली. मॉनिटरला हळदकुंकू, की-बोर्डवर फूल, उंबऱ्यावर नारळ. डॉक्टरांनी एका बोटाने स्वतःचं नाव टाइप केलं, पेढे वाटले. तेवढ्यात बाळंतिणीसाठी हाक आली आणि सिस्टर धावल्या. मी कॉम्प्युटर बंद केला, त्याला धूळ लागू नये म्हणून जपून कव्हर घातलं आणि नाशिकला निघालो. फ्रीज तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी प्रिंटर घेऊन गेलो, तर बाया मुलं घेऊन ओट्यावर बसलेल्या आणि सिस्टर त्यांना परत पाठवत होत्या. फ्रीज रात्रभर बंद. लसी वाया.

"लाइट गेली असेल," डॉक्टर म्हणाले.

"लाइट नव्हती गेली, सर," असं म्हणून सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या.

"वायरिंग माझ्या कामात धरलंच नव्हतं," मी म्हणालो. ते खरं होतं. आजही कोणी विषय काढला की मी हेच ऐकवतो, पण ते मला स्वतःलाच पुरत नाही.

परतताना ओट्यावरच्या त्या बायांपैकी दोघी रस्त्याने चालताना दिसल्या. जीप थांबवून त्यांना घेतलं. वाडी बरीच आत होती.

"लय बरं झालं, दादा," एक म्हणाली. "सुई नाय भेटली. फिरीज बिघडला म्हनं."

"आता कंपुटर आलाय," दुसरी म्हणाली. "आता नाय व्हनार आसं."

मी रस्त्यावरची नजर हलवली नाही.

वाडीवर उतरल्यावर पहिली खिडकीशी आली. "मामाला टाटा कर," ती खांद्यावरच्या पोराला म्हणाली. ते झोपलेलं होतं. तिनेच त्याचा हात धरून हलवला.