वाहिलेला पेपर

त्या दुपारी निपाणीच्या परीक्षा केंद्रातून बाहेर पडले तेव्हा माझं मन अगदी शांत होतं. पुढच्या अर्ध्या तासात मी स्वतःवरचा आणि देवावरचा, दोन्ही विश्वास घालवून बसले. प्रवेश परीक्षेची माझी ही दुसरी खेप होती. आदल्या वर्षी पशुवैद्यकीयची जागा थोडक्यात हुकली. बरोबरच्या मुली कॉलेजात गेल्या आणि मी सदलग्याला घरी राहून पुन्हा तीच पुस्तकं उघडली. आईनं वर्षभर अष्टमी-चतुर्दशीचे उपवास धरले. मीही रोज सकाळी णमोकार मंत्र म्हणूनच अभ्यासाला बसत होते, पण खरं सांगायचं तर त्यात भक्ती थोडी आणि सौदा जास्त होता. मी इतकं म्हणते, तू तेवढं दे, असा.

पहिल्या दिवशी जीवशास्त्र होतं, दुसऱ्या दिवशी भौतिक आणि रसायन. पेपर सुटल्यावर फाटकाबाहेर मुलामुलींचा घोळका जमला आणि उत्तरं ताडून बघणं सुरू झालं. मध्यभागी स्नेहल होती, तिथल्या शिकवणीत कायम पहिली येणारी. ती प्रश्न सांगायची, उत्तर सांगायची आणि बाकीचे माना डोलवायचे. एका बाईचे वडील रंगांध, ती स्वतः निरोगी, नवराही निरोगी. तर त्यांची अपत्यं रंगांध असण्याची शक्यता किती, असा एक प्रश्न होता. सगळ्यांचं उत्तर पन्नास टक्के, माझं पंचवीस. "अगं, सरांनी करून घेतलतं की हे," स्नेहल म्हणाली. तिच्या बोलण्यात खोच नव्हती, कीवच होती, आणि ती मला जास्त लागली. एकेक करत माझी नऊ उत्तरं वेगळी निघाली. दहाव्या प्रश्नाला मी तिथून निघाले.

बसस्टँडकडे जायला पाय वळेनात. सदलग्याच्या बसमध्ये हीच मुलं असणार, हेच बोलणं चालणार. उद्या यायचंच नाही, आजच आप्पांना, माझ्या वडिलांना, सांगून टाकायचं, असं मी चालता चालता ठरवलं. बाजाराच्या मागं एक लहानशी बस्ती आहे. आमच्या भागात जैन मंदिराला बस्ती म्हणतात. ऊन टाळायला म्हणून मी आत शिरले. नमस्कारसुद्धा केला नाही. खांबाला टेकून बसले, हॉल तिकीट काढलं आणि फाडायच्या इराद्यानं त्याची घडी घातली.

शेजारी साठीच्या एक बाई इरकल लुगडं नेसून ताटात पूजेचे तांदूळ निवडत होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता ताट मध्ये सरकवलं. तिकीट तसंच पिशवीत टाकून मीही निवडू लागले. थोड्या वेळानं त्यांनी गाव विचारलं, पेपर कसला होता ते विचारलं. कन्नड वळणाचं मराठी होतं त्यांचं. मला रडू आलं आणि सगळं सांगून झालं. नऊ उत्तरं, गेलेलं वर्ष, आईचे उपवास. त्यांनी समजूत घातली नाही. तांदळावरून हात फिरवत म्हणाल्या, "हे आत्ता माझं हाईत. खडा दिसला तर काढीन. एकदा देवाम्होरं वाहिलं की माझं न्हाईत. वाहिलेलं परत उचलून मोजत न्हाय कुणी. तुझा पेपर वाहून झाला गं बाई, त्यो सोड. उद्याचं ताट अजून तुझ्या हातात हाय."

एवढंच. त्यांनी मूठभर तांदूळ माझ्या ओंजळीत दिले. मी उठून आत गेले आणि भगवंतापुढे वाहिले. काय मागावं ते सुचलं नाही आणि न मागताच छाती हलकी झाली. बाहेर आले तर त्या कुणाशी तरी बोलत होत्या. मी घाईत नमस्कार केला आणि बस धरली. नावही विचारलं नाही.

घरी आप्पांनी पेपर कसा गेला विचारलं. "दिला," मी म्हणाले, आणि विद्युतधारेचा धडा काढून बसले. दुसऱ्या दिवशी भौतिकचा पेपर सुटल्यावर पुन्हा घोळका जमला, स्नेहलनं हाकही मारली. मी हसून नको म्हटलं, पायरीवर बसून आईनं दिलेली दशमी खाल्ली आणि रसायनची सूत्रं चाळली. दुपारी रसायनचा पेपर मी सलग सोडवला. आदल्या वर्षी याच पेपरला मला घाम फुटला होता.

अधिकृत उत्तरं जाहीर झाली तेव्हा त्या नवांपैकी सात माझी बरोबर होती. पहिला फोन स्नेहलचाच आला. "तुझंच बरोबर हुतं. त्यांनी अपत्यं विचारलेली, आम्ही सगळ्यांनी नुसते मुलगे धरले," तिनं मोकळेपणानं सांगितलं.

जागा मिळाल्याचं कळलं तेव्हा आप्पा उसाला पाणी पाजत होते. मी बांधावरून पळत गेले. चिखलाचे हात मोबाईलला लागू नयेत म्हणून त्यांनी ते पाठीमागे धरले आणि मला वाचायला लावलं. मग म्हणाले, "परत वाच." तीनदा वाचून घेतलं त्यांनी. मग शेजारच्या रानात कन्नडमधून अशी आरोळी दिली की माणसं खुरपी टाकून धावत आली. संध्याकाळपर्यंत आमच्या दारात पेढ्यांच्या पुड्यांचा ढीग लागला, आणि आई येणाऱ्या प्रत्येकाला "आमची डॉक्टरीण" म्हणून मला दाखवत राहिली.

आठवड्यानं आईला घेऊन मी त्या बस्तीत गेले. तिथल्या उपाध्यांना बाईंबद्दल विचारलं. त्यांनी बराच विचार केला. त्या दिवशी बाहेरगावची बरीच माणसं दर्शनाला आलती, त्यातल्याच कुणी असतील, म्हणाले.

आमच्या धर्मात देव कुणाला परीक्षा पास करून देत नाही, आणि त्यानं दिली असं मी म्हणतही नाही. उत्तरं माझीच होती. पण ती लिहून झाल्यावर सोडून द्यायची ताकद माझी नव्हती, ती त्या दुपारी मला कुणीतरी दिली. बाई आज जिथं असतील तिथं त्यांना माझा जय जिनेंद्र.