आक्काची अर्धी गोळी

गल्लीच्या तोंडाशी जे शिवणाचं दुकान आहे, त्याच्यावर पाटी नाही. कधीच नव्हती. "दोघी बहिणींकडे टाक" म्हटलं की लोक कापड बगलेत मारून बरोब्बर तिथंच यायचे. आत शिरलं की समोर लांबलचक टेबल. त्याच्यावर थोरली कापड बेतायची. खिडकीशी पाठ मोडलेली खुर्ची, तिच्यात बसून धाकटी काजं करायची. थोरलीला सगळी गल्ली आक्का म्हणायची आणि धाकटीला काजवाली. ही हकिगत त्या काजवालीची आहे. पण आक्काला वगळून तिच्याबद्दल सांगायचं म्हणजे पाठ न लावताच सदरा शिवण्यातला प्रकार.

आई लवकर गेली. मागं ठेवलं काय, तर एक मोठी कातर आणि एक नियम. घरात काहीही खायला आलं की त्याचे दोन वाटे करायचे. एकीनं कापायचं, दुसरीनं आधी उचलायचं. म्हणजे कापणारीला लबाडी सुचत नाही. दोघींची लग्नं झाली नाहीत, डोकी पांढरी झाली, तरी नियम तोच. कापायची धाकटी, उचलायची आक्का. आणि आक्का दर खेपेला मुद्दाम लहान तुकडा उचलायची.

"डोळे आहेत की बटणं लावलीत? मोठा तो तिकडंय," धाकटी करवादायची.

"मला हाच मोठा दिसतो," असं म्हणून आक्का तो तोंडात टाकूनसुद्धा मोकळी.

दुखणंही असंच वाट्यानं आलं. आधी आक्काची मनगटं धरली, मग धाकटीची बोटं. सकाळी उठलं की मूठ वळायची नाही. गरम पाण्यात हात बुडवून बसायचं, मग कुठं सुई धरता यायची. दोघी एकमेकींसमोर बादली ठेवून चार हात तिच्यात सोडायच्या आणि शेजारीण दारातून ओरडायची, "काय गं, हात धुताय की उकडताय?"

डॉक्टरांनी सांगितलं, संधिवात आहे, पण म्हातारपणाच्या झिजेचा नव्हे. शरीरच आपल्या सांध्यांवर उलटलंय. गोळ्या दिल्या. थोडा आराम पडला, मग पुन्हा तेच. एका सकाळी कोटाचं कापड बेतताना आक्काच्या हातून कातर सुटली आणि खाली पडली. कापड वाचलं. आक्कानं कातर उचलली, तिची पाती चिंधीत गुंडाळली आणि ती खणात ठेवून दिली.

"आता तू बेत. मी काजं बघते."

"तुझं काज म्हणजे उंदरानं कुरतडल्यागत. गिऱ्हाईक बटण लावायला जाईल नि सदऱ्यातूनच बाहेर पडेल."

दोघी हसल्या. पण त्या दिवसानंतर आक्का टेबलापाशी नुसतीच उभी राहायची, देवळाबाहेर चपला सांभाळत उभं राहावं तशी. धाकटीला ते बघवायचं नाही.

मोठ्या दवाखान्यात या आजारावरच्या नव्या औषधाचं संशोधन चालू आहे, असं कळलं तेव्हा धाकटीच तिला ओढत घेऊन गेली. तिथली डॉक्टरीणबाई चांगली होती. खुर्ची जवळ ओढून बोलायची. निम्म्या लोकांना खरं औषध मिळणार, निम्म्यांना तशीच दिसणारी नुसती खडूसारखी गोळी. कुणाला काय मिळालं ते तिलाही ठाऊक नसणार. रोज एक गोळी घ्यायची, ठरल्या दिवशी यायचं, रक्त द्यायचं, छातीचा फोटो काढायचा, सांधे दाबून घ्यायचे.

धाकटीला घेतलं. आक्काला नाही.

"तुमच्या छातीत जुनी खूण आहे," डॉक्टरीणबाई म्हणाली. "लहानपणी टीबी झाला होता का?"

"झाला होता, गेलाही. कोर्स पुरा केला मी," आक्का ताठ बसून म्हणाली. परीक्षेत पास झाल्याचं सांगावं तशी.

"गेला नसेल तर झोपला असेल. हे औषध शरीराचा पहारा थोडा ढिला करतं, म्हणून तर सांध्यांवरची मारझोड थांबते. पण पहारा ढिला झाला की झोपलेलं उठतं. तुम्हाला ही गोळी द्यायची नाही, आक्का. मी देणारच नाही."

हे सगळं धाकटीनं स्वतःच्या कानांनी ऐकलं. मान डोलवली. पण तिला त्यातून जे समजलं ते असं, की दवाखान्याचे नियम असतात, कापडाच्या किनारीला शिवणीबाहेर एवढं एवढं कापड दाब म्हणून सोडायचं असतं तसे. शिवणारीला माहीत असतं, दाब थोडा कमी सोडला तरी शिवण काही उसवत नाही. आक्काचा टीबी धाकटी पाळण्यात असतानाचा. तिनं आक्काला कधी खोकताना पाहिलंच नव्हतं.

घरी आल्यावर तिनं पहिली गोळी काढली, टेबलावर ठेवली आणि काजं कापायचं पातं लावून मधोमध कापली.

"हे काय गं?"

"उचल."

"मला नको म्हणालीय ती."

"ती डॉक्टरीण आहे. आई नाही. उचल म्हणते ना."

आक्कानं त्या दोन तुकड्यांकडे पाहिलं. मग कातर ठेवलेल्या खणाकडे. "खडू असला तर?" ती म्हणाली.

"तर दोघी मिळून पाटी लिहू. दुकानाला नाहीच आहे."

आक्कानं लहान तुकडा उचलला.

दवाखान्यात सांधे दाबायला एक वेगळा माणूस होता, वेगळ्या खोलीत. कुणाला काय औषध चाललंय, रक्तात काय निघालं, यातलं काही त्याच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, म्हणजे त्याचा कौल सरळ राहतो. म्हणून तो बोलायचाच नाही. एकेक सांधा अंगठ्यानं दाबायचा आणि म्हणायचा, "दुखतंय?" ही म्हणायची हो किंवा नाही. पुढचा सांधा. "दुखतंय?" येताना राम राम नाही, जाताना या नाही. बहिणींनी त्याचं नाव मुका ठेवलं.

आक्का प्रत्येक खेपेला सोबत यायची आणि बाहेर बाकावर बसायची. दार उघडं राहिलं की मान लांब करून बघायची.

"आज बोलला?"

"बोलला की. दुखतंय म्हणाला."

"त्याच्या घरी बायको विचारत असेल, जेवणार का? तर हा तिचं मनगट दाबून म्हणत असेल, दुखतंय?"

दोघी बाकावर अशा खिदळायच्या की नर्स येऊन बघून जायची. एकदा आक्का म्हणाली, "तुला सांगते, हा मुका ज्या दिवशी आपणहून तुझ्याशी दोन शब्द बोलेल ना, त्या दिवशी मी मोठा तुकडा उचलीन."

"शब्द दे."

"दिला. जन्मात बोलायचा नाही तो."

गोळी खडू नव्हती. अर्धीनंसुद्धा फरक पडला. हळूहळू धाकटीच्या मुठी वळायला लागल्या. आणि आक्कानं एके दिवशी खण उघडला. कातर काढली, चिंधी सोडली, पात्यांना तेल दिलं, आणि कुणाचं तरी गडद निळं कापड टेबलावर पसरून सरळ एका दमात कापत गेली. कर्र कर्र. काजवाली खिडकीशी सुई हातात धरून तो आवाज ऐकत होती. तिला वाटलं, आपण आयुष्यात एवढं एकच काम केलं, पण बरं केलं.

दवाखान्यात रिकामी पाकिटं दाखवली की नर्स म्हणायची, "एकही गोळी चुकली नाही. सगळ्यांनी तुमच्यासारखं वागावं." धाकटी खाली बघायची.

मग आक्का खोकायला लागली. बेतणाऱ्याच्या घशात कापडाची धूळ जातेच, त्यात नवल ते काय. इतके दिवस कातर बंद होती म्हणून खोकला नव्हता, आता धंदा चालू झाला म्हणून खोकला चालू झाला. धाकटीला तर तो खोकला भरभराटीचाच वाटला. ती म्हणायची, "तोंडाला फडकं बांध की," आणि आक्का फडकं बांधायची. अंगावरचा झगा सैल झाला तेव्हा आक्कानं तो गुपचूप बाजूनं आवळून शिवला. पुन्हा सैल झाला, पुन्हा आवळला. संध्याकाळी अंग तापायचं. ती इस्त्रीला उभी राहायची, म्हणजे तोंड लाल झालेलं इस्त्रीच्या नावावर खपायचं. गोळी थांबली असती तर कातर पुन्हा खणात गेली असती. तेवढ्यासाठी ती गप्प राहिली.

तो शिवून शिवून अरुंद झालेला झगा धाकटीच्या हाती लागला तेव्हा आक्का टेबलाला धरून उभी होती आणि तोंडावरच्या फडक्याला रक्त होतं.

दवाखान्यात दाखल केलं. वॉर्डातल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, "बाकी कसलं औषध चालू आहे?"

"काही नाही," आक्का म्हणाली, आणि डोळे वटारून धाकटीकडे पाहिलं. लहानपणी आईसमोर पाहायची तसंच. बोललीस तर याद राख.

आणि धाकटी बोलली नाही. तेव्हा नाही. ती वॉर्डाबाहेर आली. ती जिना चढून तशीच डॉक्टरीणबाईच्या खोलीत घुसली. आत दुसरा पेशंट बसलेला. त्याच्यासमोरच म्हणाली, "बाई, मी अर्धी तिला देत होते."

डॉक्टरीणबाईला आधी कळलंच नाही. मग कळलं. "मी म्हणाले होते ना…" एवढं म्हणून ती थांबली, उठली आणि धाकटीला तिथंच टाकून वॉर्डाकडे पळाली. पळतच गेली, अंगातला पांढरा कोट एका बाजूनं घसरलेला.

त्यांनी खूप केलं. पण फुप्फुसात काही राहिलंच नव्हतं. शेवटी शेवटी आक्काला बोलायला श्वास पुरायचा नाही. धाकटी तिचा हात हातात घेऊन बसायची. एकदा आक्कानं मूठ वळून दाखवली. पुरी वळली, अंगठा बाहेर.

"बघ," ती म्हणाली. "दुखत नाही."

"गप. बोलू नकोस."

"तू कापलंस. मी उचललं. माझं मी उचललं, कळलं? रडायचं नाही."

आक्का गेली. नियमच तसा आहे म्हणून गोळ्या बंद झाल्या, धाकटीला संशोधनातून काढलं. डॉक्टरीणबाईनं घडलं ते सगळं वर कळवलं, पण धाकटीला एक शब्द लागेलसा बोलली नाही. कुणीतरी फडाफडा बोलावं असं धाकटीला वाटत होतं. बाईनं फक्त शेवटचं एकदा सांधे दाबून घ्यायला यायला सांगितलं, म्हणून ती गेली. बाकावर कुणी नव्हतं.

मुक्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याला काही कळू द्यायचं नाही, हीच तिथली रीत. त्यानं मनगट दाबलं.

"दुखतंय?"

"नाही."

बोटाचं मधलं पेर. "दुखतंय?"

"नाही."

एकेक करत तो सगळीकडे फिरला. कोपर, खांदे, गुडघे. कुठंच दुखत नव्हतं. दुखायला हवं होतं. तिनं डोळे मिटून शोधून पाहिलं, एखाद्या तरी सांध्यात कळ असेल. नव्हती.

मुक्यानं आकडे लिहिले, टोपण लावलं आणि मग, शेवटची खेप म्हणून असेल, खुर्ची मागं सरकवून चक्क हसला.

"आता बोललं तर चालतं," तो म्हणाला. आवाज छान होता, भरदार. "आलात तेव्हा मूठ वळत नव्हती तुमची. आता बघा. फार बरं वाटलं, बाई. आणि हो, तुमच्या बहीणबाई दर खेपेला बाहेर माझी नक्कल करतात ना, ती ऐकू यायची मला. हसू दाबताना जीव जायचा. आज आल्या नाहीत?"

"नाही," धाकटी म्हणाली.

"सांगा त्यांना, मुका बोलला म्हणून."

"सांगते."

रस्त्यात तिनं पाव घेतला. दुकान उघडलं, दिवा लावला. टेबलावर कातर उघडीच होती, तेल दिलेली. तिनं पाव ठेवला आणि पातं घेतलं. बोटं सहज वळली, चांगलेच बरे झाले होते हात. एक तुकडा मुद्दाम मोठा कापला, डोळ्यांना बटणं लावलेल्यालाही दिसेल एवढा मोठा, आणि तो टेबलाच्या पलीकडच्या बाजूला सरकवला.

"मुका बोलला गं, आक्का," ती म्हणाली. "शब्द दिलायस. उचल आता."

नियमाप्रमाणं कापणारीला आधी उचलता येत नाही. ती थांबून राहिली.