सूर्यचुलीचा आरसा

माझ्यासारख्या नवशिक्यानं आठवणी लिहाव्यात हे जरा जास्तच होतं, सांभाळून घ्या. पण गॅस महागल्याचं कुणी बोललं की मला आमच्या अंगणातली सूर्यचूल दिसते. सिलिंडरचा भाव वाढला तेव्हा माझ्याच सांगण्यावरून बाबांनी ती आणली होती. ताईला पाहायला पाहुणे आले त्या दिवशी नेमका गॅस संपला. पाहुण्यांपुढे लाकडाच्या चुलीचा धूर नको म्हणून मी हट्टानं भात सूर्यचुलीत ठेवायला लावला. कडक ऊन होतं, वाळत्या मोहफुलांचा गोड वास सुटला होता. पण मुलाच्या आईला झाकणाचा आरसा फार आवडला. त्या त्याच्यासमोर उभ्या राहून कुंकू, पदर, अंबाडा नीट करत राहिल्या आणि त्यांची सावली थेट भातावर! मुलाच्या आईला बाजूला व्हा म्हणायचं कुणी? बाबा माझ्याकडे बघत, मी आईकडे. शेवटी ताईच दारातून म्हणाली, "सरका ना जी मावशी, तुमच्या सावलीनं भात शिजून नाही राहिला." आईनं कपाळाला हात लावला. पाहुणे कच्चाच भात खाऊन गेले. सोयरीक माझ्यामुळे मोडली असं धरून मी वसतिगृहावर परतलो. अभ्यासात मन लागेना. मग एकदाचा बाबांचा फोन आला, "पोरगी पसंत आहे म्हनतेत. तोंडावर बोलनारीच पायजे होती त्यायले. पन सैपाक चुलीवरच करा लागन म्हने."