पंपास शिकवणाऱ्या वैद्य काकू

न्यू जर्सीतल्या पार्सिपनीच्या सुपरमार्केटात एक बाई फळांवरचे स्टिकर डोळ्यांजवळ नेऊन वाचत होत्या. साडीवर मुलाचं असावं असं जाडजूड जॅकेट, पायात स्पोर्ट्स शूज. चष्मा विसरला असेल म्हणून मी मदतीला गेले. त्या म्हणाल्या, "द्राक्षं चिलीची, पेअर अर्जेंटिनाचे. आपल्याकडे बाहेर बर्फ, अन् तिकडे भर उन्हाळा. मजाच आहे, नाही?"

या वैद्य काकू. नागपूरला मुलींच्या शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. काका गेल्यावर मुलाकडे, समीरकडे, राहायला आल्या होत्या. जगातले सगळे गवताळ प्रदेश त्यांनी फळ्यावर काढले होते, पण पाहिला एकही नव्हता. सगळ्यांत लाडका अर्जेंटिनाचा पंपास. "भूगोलाच्या तासाला पोरी डुलक्या काढायच्या. पंपासला मात्र जाग्या राहायच्या. गवत केवढं, ते मी हातानं दाखवायची ना," असं सांगताना त्यांचा हात छातीपर्यंत जायचा.

२००७च्या जानेवारीत ऑफिसच्या कामासाठी मला आठवडाभर अर्जेंटिनात, ब्युनोस आयर्सला जायचं होतं. हे कळल्यावर काकू घरी आल्या, चहा घेतला आणि सरळ म्हणाल्या, "मला घेऊन चल. माझं ओझं होणार नाही." गुडघ्यामुळे समीर नको म्हणत होता. काकूंनी त्याच्याशी वाद घातला नाही. व्हिसाचा फॉर्म भरून त्याच्यापुढे ठेवला.

मी ऑफिसात असताना काकू एकट्या शहर बघायच्या. त्यांची पद्धत सोपी होती. हॉटेलसमोर येईल त्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागे बसायचं, शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचं आणि त्याच बसने परत यायचं. संध्याकाळी मला सगळं ऐकवायच्या. नदी एवढी रुंद की पलीकडचा काठच दिसत नाही, आणि पाणी चहासारखं. बंदरापाशी पत्र्याची घरं आहेत, प्रत्येक भिंतीला वेगळा रंग. बागेतल्या बाकावर एका आजीबाईंनी त्यांना आपल्या कपातला कडू हिरवा काढा नळीने प्यायला दिला. "उष्टं होतं गं," काकू म्हणाल्या, "पण नाही कसं म्हणायचं? एवढ्या मायेनं दिला."

शनिवारी आम्ही पंपास बघायला निघालो. ड्रायव्हर उगोला कामापुरतं इंग्रजी येत होतं. शहर मागे पडल्यावर काकू खिडकीला चिकटून बसल्या. दोन तास दोन्ही बाजूंना हिरवं, सपाट, न संपणारं रान होतं. एकाएकी त्यांनी गाडी थांबवायला लावली. खाली उतरल्या, कुंपणातून हात घालून एक पान तोडलं आणि उलटसुलट करून पाहिलं.

"हे गवत नाही," त्या म्हणाल्या. "हे सोयाबीन आहे. माझ्या माहेरीही हेच लावतात."

कुंपणापलीकडे घोड्यावर एक म्हातारा राखणदार होता. काकूंनी उगोमार्फत त्याला विचारलं, गवत कुठे गेलं? तो म्हणाला, त्याच्या लहानपणी इथे गवत आणि गुरंच होती. आता कित्येक वर्षं हेच पीक आहे. थोडं गवत रेल्वेच्या जुन्या रुळांकडेला उरलंय. तो आम्हाला तिकडे घेऊन गेला. जेमतेम वीस पावलं लांबीचा पट्टा, गवत काकूंच्या गुडघ्याएवढं. त्या बराच वेळ तिथे उभ्या राहिल्या.

परतताना मी म्हटलं, "काकू, तुम्ही शिकवलंत तेव्हा ते खरंच होतं."

"कुणास ठाऊक," त्या म्हणाल्या. "मी कधी कुणाला विचारलंच नाही. पुस्तकात होतं, मी सांगत राहिले. दरवर्षी शंभरेक पोरी, अन् सगळ्यांना गवत."

पुढच्या वर्षी काकू नागपूरला परत गेल्या. समीर नाराज झाला, पण त्यांचं ठरलं होतं. जुन्या शाळेत आठवड्याला एक तास शिकवू लागल्या. धड्यात जो प्रदेश असेल, तिथल्या एखाद्या माणसाला आधी फोन करायचा आणि मगच वर्गात जायचं, असा त्यांनी नेम केला.

जुलैतल्या एका रविवारी सकाळी मला फोन आला. "मंगळवारी अमेरिकेची शेती शिकवायची आहे. तुमच्या न्यू जर्सीत काय पिकतं, सांग बरं."

मी म्हटलं, "कधी बघितलं नाही, काकू."

"नऊ वर्षं झाली ना गं तुला तिथे?" त्या रागावल्या नव्हत्या; त्यांना खरंच नवल वाटलं होतं. मग म्हणाल्या, "मंगळवारपर्यंत वेळ आहे."

मी नवऱ्याला उठवलं. गाडी काढून आम्ही पश्चिमेकडे निघालो. पाऊण तासाने मक्याची शेतं लागली. रस्त्याकडेच्या स्टॉलवर एक शेतकरी कणसं विकत होता. मी उतरून म्हटलं, मला कणसं नकोत, तुमच्या शेताबद्दल विचारायचं आहे. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, स्टॉल तसाच उघडा टाकला आणि आम्हाला शेत दाखवायला निघाला.